खंडेनवमीची चार टिंबं

१

दसऱ्याच्या दिवशी उन्हं उतरली तशी राहुरीच्या एसटी स्टँडवर एका खांबाभोवती गर्दी झाली. शिलंगणाला निघालेली, नवे कपडे घातलेली माणसं थांबत होती, मान वर करून वाचत होती, एकमेकांच्या कानाला लागत होती. खांबाला एक कागद चिकटवला होता. कॉम्प्युटरवर टाइप केलेला.

कागदावर एका पोरीचं नाव होतं. जयमाला. तालुका जामखेड, वर्ग, होस्टेलची खोली, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. खाली तिचा जबाब. मुळाकाठ परिचारिका विद्यालयाच्या मेसचा ठेकेदार आपल्याला सामान मोजायला म्हणून कोठीघरात बोलावतो, दार लावून घेतो, आणि मग काय करतो.

हा जबाब गुप्त होता. प्राचार्या यशोधरा साळवे यांनी अष्टमीच्या दुपारी स्वतःच्या खोलीत, दार लावून, पोरीला समोर बसवून स्वतःच्या हातांनी टाइप केला होता. "चौकशी समितीशिवाय चिटपाखरू हे वाचणार नाही," असा शब्द दिला होता. तो आता तालुका वाचत होता.

आणि वाचून कुणी फाडत नव्हतं. फाडायला हात उचलावा लागतो. नुसतं वाचायला काय, फुकट असतं. अर्ध्या गावाने तो कागद चघळला, तेव्हा कुठे संस्थेचे सचिव गहिनीनाथराव पागिरे गाडीतून उतरले, कागद खरवडून काढला, खिशात घातला आणि हेडक्लार्क कारभारीला घेऊन थेट विद्यालयात गेले. तिथली कॉम्प्युटरची प्रत्येक खोली बंद करून कुलपांवर स्वतःच्या सहीच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. मग शिलंगणाला गेले.

मेसचा ठेकेदार हा सचिवांचा सख्खा मेहुणा. हे विद्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर कुणी तोंड उघडत नव्हतं.

२

मोनिका दुशिंग एकादशीला सकाळी श्रीरामपूरच्या गाडीतून उतरली. तिचा श्रीरामपुरात कॉम्प्युटरचा क्लास होता, आणि आसपासच्या प्रेसवाल्यांची, पतसंस्थांची बिघडलेली मशीनं तिच्याच टेबलावर यायची. तोंडाने फटकळ. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, मोनिका येशूलासुद्धा विचारील, आधी सांग, पाण्याची दारू केलीस ती कुठल्या भांड्यात?

सचिवांनी तिला आदल्या रात्री फोन करून बोलावलं होतं. सकाळीच पट्टी काढून उघडलेल्या ऑफिसात ती शिरताच त्यांनी तिच्या हातावर एक पान ठेवलं. लहान, जाड, पाठीमागून खरबरीत.

"सोनं घ्या ताई. आणि नीट बघून घ्या. हे खरं आपट्याचं. बाजारात पोरं काय विकतात माहितीय? कांचन. मोठं, मऊ, दिसायला जोडपान, पण आपटा नव्हे. आमच्या मळ्यात आजोबांनी लावलेलं झाड आहे. मी माझ्या हाताने तोडतो आणि शिलंगण करून आल्याशिवाय कुणाच्या हातात एक पान देत नाही. बायकोला विचारा."

"बरं," मोनिका म्हणाली आणि पान पर्समध्ये टाकलं.

टेबलावरच्या फोनवर तसंच एक पान होतं. बाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर एक. पेनस्टँडमध्येही एक खोचलेलं. तिची नजर फिरलेली त्यांनी पाहिली.

"नवमीला हत्याराची पूजा झाली की त्याला सोनं वाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. वडलांनी एकदा मोडला. पूजलेलं मळणीयंत्र तसंच चालू केलं. दोन बोटं गेली. मी लहान होतो, ती बोटं मीच गोळा केली भुशातनं." ते खाकरले. "असो. काम छोटंसं आहे. एक ओळ लिहून द्यायची."

"कसली?"

"की हा उद्योग पंकजशिवाय कुणी करूच शकत नाही."

पंकज शिरसाठ म्हणजे विद्यालयाचा कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा. विद्यालयात चार कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडलेले होते. मुख्य मशीन पंकजच्या काचेच्या खोलीत, बाकीचे प्राचार्यांकडे, ऑफिसात आणि लायब्ररीत. जबाब त्या मुख्य मशीनवर, प्राचार्यांच्या कप्प्यात ठेवलेला. कप्प्याचा पासवर्ड फक्त दोघांना माहीत, प्राचार्यांना आणि पंकजला. काचेच्या खोलीची किल्ली पंकजकडे, आणि पंकज अष्टमीच्या संध्याकाळी आईला घेऊन नागपूरला गेलेला.

"जाताना प्रत काढली आणि कुणाला तरी देऊन गेला," सचिव म्हणाले. "त्यांचं ते असतं ना दसऱ्याला नागपूरला, काहीतरी..."

"धम्मचक्र प्रवर्तन दिन."

"हां, तेच. आणि पुढचंही समजून घ्या. पंकज त्यातला, साळवेबाईही त्यातल्या. म्हणजे जबाबसुद्धा दोघांनी मिळून रचला. पोरगी भोळी, तिच्याकडून वदवून घेतला. माझ्या मेहुण्याला अडकवायला."

"मी कशातली, ते नाही विचारलंत."

"तुम्ही काय, ख्रिस्ती माणसं. तटस्थ."

मोनिका हसली नाही. "तो कागद द्या. बघितल्याशिवाय मी लाइटच्या बिलावरपण सही करत नाही."

कागद घेऊन ती बाहेर पडली, तर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेवर एक माणूस टोपी हातात धरून बसला होता, शेजारी एक पोरगी उभी होती. कुणी सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, तुमी कॉम्पुटरवाल्या?" पोरीनेच विचारलं. "माजा बा मला न्यायला आलाय. दुपारची जामखेड गाडी हाय. पंकजदादानं माजा कागद फोडला म्हनत्यात. खरं हाय का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं! ज्यानं फोडला त्याच्याच बाजूला बसून मी उद्या जेवायचं का? कोन त्ये कळलं तर मी हितं ऱ्हाते, जबाब पन ऱ्हाऊ द्या. न्हाई कळलं तर मी सही मागं घिऊन चालले. मग ठेकेदार सुटला तर सुटू द्या."

बाप खाली बघत म्हणाला, "काय कळत न्हाई बाई असल्या ठिकानी. आमी जातो."

"गाडी यायला वेळ आहे," मोनिका म्हणाली. "ट्रंक उचलू नका."

३

पंकज नुकताच येऊन पोचला होता. पाठीवर अजून प्रवासाची पिशवी, डोळे जागरणाने लाल. सचिवांनी त्याला त्याच्याच खोलीबाहेर स्टुलावर बसवून ठेवलं होतं, जसं काही पोलीस पाटलाच्या दारात चोर. काचेपलीकडे मुख्य मशीन घुमत होतं. ते तो कधीच बंद करत नसे. काचेवर बाहेरून हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती.

"कारभारीअण्णांनी केलं असेल नवमीला," तो म्हणाला. "खोली बंद दिसली, म्हणून काचेचीच पूजा."

"सूचना, वेळापत्रक सगळ्यांना आपापल्या खोलीत दिसतं म्हणे. कशाने?"

"सर्व्हर टाकलाय. मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावरचा. फुकटचा."

"कोण काय उघडतं त्याची नोंद ठेवतो?"

"ठेवायचा. डिस्क भरायला लागली, मी बंद केली."

"शाबास." मोनिकाने दुसरं स्टूल ओढलं. "आता जे लपवतोयस ते सांग."

पंकजने मान खाली घातली.

"त्याला भोक आहे, मॅडम. सर्व्हरला. बघा, 'सूचना' हा फोल्डर म्हणजे घराची ओसरी. आल्यागेल्याने ओसरीवर बसावं, तिथलं बघावं, जावं. पण पत्त्याच्या पट्टीत चार टिंबं आणि एक तिरकी रेघ टाकली, की हा सर्व्हर माणसाला घरात मागे मागे जाऊ देतो. माजघर, देवघर, कपाटाचा खण. कुणी अडवत नाही. पासवर्ड पुढच्या दाराला आहे, आणि हा मागच्या दाराने आत गेलेला."

"म्हणजे साळवेबाईंचा कप्पासुद्धा?"

"तोही. आणि कुणालाही. तारेने जोडलेल्या कुठल्याही मशीनवरून."

"तुला कधीपासून माहिती?"

"आषाढापासून. मासिकातच वाचलं. मी पागिरे साहेबांना म्हटलं, दुसरा सर्व्हर विकत घेऊ. ते म्हणाले, फुकट चालतंय तर विकत कशाला. मग... मग मी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. पडद्यावर करून दाखवलं. आणि बजावलं, की चुकूनसुद्धा कुणी चार टिंबं टाकू नका."

मोनिकाने कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाबा! चोराला घरी बोलावून कडी कुठून सरकते ते दाखवलंस, वर चहा पाजलास."

"आपलीच माणसं होती, मॅडम."

"कोण कोण आपली?"

"साळवे मॅडम. कारभारीअण्णा. लायब्ररीतला प्रशांत. पागिरे साहेब दारातच उभे होते बशीत चहा ओतून. म्हणाले, 'आपल्याला माउस म्हणजे उंदीर, एवढंच ठाऊक.' सगळे हसले." त्याने वर पाहिलं. त्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडी आशा होती. "म्हणजे आता मी सुटलो ना?"

"कसला सुटलास? तुझ्याकडे पासवर्ड आहे. तुला टिंबांची गरजच नाही. संशयितांत फक्त भर पडली. पहिला नंबर अजून तुझाच."

४

त्या कागदाबद्दल एक गोष्ट मोनिकाला सकाळपासून टोचत होती. कागद सचिवांनी वाचला, कारभारीने वाचला, पेढे खाऊन आलेल्या गावाने वाचला. ज्या पोरीचा होता तिला कुणी दाखवलाच नव्हता. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगी म्हणजे या लोकांच्या लेखी जबाबाचा विषय होती, जबाब देणारं माणूस नव्हती.

ती कडुनिंबाखाली आली. "वाच."

जयमालाने कागद घेतला. बापाने तोंड फिरवलं. पोरगी ओठ हलवत वाचत गेली, आणि मध्येच थांबली.

"हे 'कोठीघर' बरोबर लिव्हलंय."

"म्हणजे?"

"अष्टमीला बाईंनी 'दळणाची खोली' लिव्हलं हुतं. माज्याच तोंडून तसं गेल्तं, मी रडत हुते. दळणाची खोली मागच्या अंगाला हाय, तिला तर दारच न्हाई. रातभर झोप न्हाई आली मला. म्हनलं, ठेकेदार उद्या इचारील, बिनदाराच्या खोलीचं दार मी लावलं कसं? पोरगी खोटी पडंल. म्हनून नवमीला सकाळी बाईंकडं गेल्ते. बाईंनी तितं बसून बदललं. कारभारीअण्णा पूजेचं ताट घिऊन बाहेर उभं हुते, 'आवरा बाई, मशीन पुजायचंय' म्हनत हुते."

मोनिका हळूच खाली बसली, मातीतच.

पंकज अष्टमीच्या संध्याकाळी गेला. त्याने प्रत काढली असती तर तिच्यावर दळणाची खोली असती. खांबावरच्या कागदावर कोठीघर होतं. कागद नवमीच्या सकाळनंतर निघालेला होता, आणि तेव्हा पंकज आईचा हात धरून नागपूरच्या गर्दीत होता. काचेच्या खोलीला कुलूप होतं. म्हणजे राहिली ती चार टिंबं.

"दादा न्हाई?" जयमालाने विचारलं.

"दादा नाही."

"मंग कोन?"

मोनिकाने कागद उन्हात धरला. प्रत्येक ओळीच्या पोटातून केसासारखी पांढरी रेघ गेली होती. छापताना प्रिंटरची एक सुई मोडकी असली की असं होतं. विद्यालयात प्रिंटर दोन, एक ऑफिसात, एक लायब्ररीत. ऑफिसातल्या नोटिशी तिने येतानाच फळ्यावर पाहिल्या होत्या, ठळक, काळ्या, अखंड.

तिने कारभारीला हाक मारली. "अण्णा, लायब्ररीचा प्रिंटर कसा चालतो?"

"कशाचा चालतोय!" कारभारी म्हणाला. "पोळ्यापासून सुई मोडलीय त्याची. प्रशांत रोज कटकट करतो."

५

लायब्ररीच्या कुलपावरची पट्टी अखंड होती. सचिवांनी स्वतःची सही ओळखली, मोठ्याने मान्य केली, आणि सगळ्यांसमोर ती फाडली. आत जुन्या पुस्तकांचा आणि सुकलेल्या झेंडूचा वास कोंडला होता. प्राचार्या यशोधराबाई मोनिकाच्या मागोमाग आल्या. प्रशांत भिंतीला टेकून उभा राहिला. हा लायब्ररी सांभाळणारा, तिशीतला, बोलका माणूस.

"पूजा कुणी केली इथली?" मोनिकाने विचारलं.

"मीच, सगळ्यांची," कारभारी म्हणाला. "नवमीला बाईंचं काम आटोपल्यावर. पडद्यावर फूल, कपाळाला हळदकुंकू. कीबोर्डवर काही वाहत नाही. गेल्या वर्षी अक्षता अडकल्या तर पंकज केवढा बोलला! झाकण घालून ठेवतो. मग कुलपं लावून जुडगा ऑफिसच्या खिळ्याला. लायब्ररीची दुसरी किल्ली प्रशांतकडे असते."

सचिव दारातच थांबले होते. जयमालाचा बाप मागे येऊन उभा होता, त्याला ते हळू आवाजात काही समजावत होते. पोरीची अब्रू, गाव, असलं काहीतरी.

मोनिकाने झाकण काढलं. कीबोर्ड जागेवर सरकवायला उचलला, आणि तशीच थांबली.

खाली एक पान होतं. आपट्याचं. कडा वळल्या होत्या, कालचं होतं.

"साळवेबाई," ती पुटपुटली, "इकडे या. हे काय आहे आणि कुठे आहे, ते नीट बघून ठेवा. हात लावू नका." यशोधराबाईंनी पाहिलं. प्रशांतनेही मान लांबवून पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखी उतरला. मोनिकाने कीबोर्ड अलगद परत पानावर ठेवला आणि मशीन चालू केलं.

पत्त्याच्या पट्टीत तिने सर्व्हरचं नाव टाकलं. सूचना उमटल्या, दसऱ्याची सुट्टी, परीक्षेचे अर्ज. मग तिने टाकली चार टिंबं आणि एक तिरकी रेघ. पडदा एकदा कोरा झाला आणि भराभर नावं उतरली. मुख्य मशीनचं सगळं पोट. दोन ठिकाणी बोट टेकवल्यावर समोर आला प्राचार्यांचा कप्पा, आणि कप्प्यात जयमालाचा जबाब. पासवर्ड कुणी विचारला नाही.

यशोधराबाई खुर्चीवर बसल्या. "मी तिला शब्द दिला होता," एवढंच म्हणाल्या.

"म्हणजे प्रशांत!" सचिव दारातून गरजले. पंकजचं नाव क्षणात मागे पडलं. "किल्ली याच्याकडे, प्रिंटर याचा, टिंबं यानं बघितलेली. काय रे, किती दिले तुला?"

"साहेब, देवाशपथ! मी नवमीपासून श्रीरामपुरात घरी. शेजाऱ्यांना विचारा..."

"शेजारी काय, सांगतील काहीही!"

"एक मिनिट," मोनिका म्हणाली. "तुम्हा लोकांत दसऱ्यानंतर भेटलं की सोनं देतात ना? सकाळपासून एका साहेबांशिवाय कुणी मला विचारलं नाही. ख्रिस्ती आहे म्हणून की काय?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. हिचं डोकं फिरलं की काय?

"तसं नाही मॅडम," कारभारी ओशाळून म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून पानं काढली. प्रशांतनेही पिशवीतून एक पान काढून दिलं. "श्रीरामपूरच्या बाजारातलं आहे," तो म्हणाला. "घ्या."

मोनिकाने दोन्ही पानं टेबलावर मांडली. मोठी, मऊ, तळहाताएवढी. मग तिने दार लावून घ्यायला सांगितलं. "पागिरे साहेब, तुम्ही आत या. आणि तुम्हीपण या, जयमालाचे बाबा, पोरीला घेऊन."

६

"ही कारभारीअण्णांची, ही प्रशांतची," मोनिका म्हणाली. "दोन्ही बाजारातली. दोन्ही कांचन. बरोबर, साहेब?"

"बरोबर. सांगितलं ना तुम्हाला."

तिने पर्समधून सकाळचं पान काढलं आणि शेजारी ठेवलं. लहान, जाड, खरबरीत. "हे तुमचं. खरा आपटा." मग तिने कीबोर्ड उचलला. "आणि हे कुणाचं?"

दोन्ही पानं एका आईची लेकरं दिसत होती.

सचिवांना सावरायला फारसा वेळ लागला नाही. "मग? माझ्या झाडाचं पान काल सगळ्या गावाने नेलं. प्रशांतनेही नेलं असेल."

"कधी?"

"शिलंगणानंतर. वेशीत वाटलं."

"आणि या खोलीला तुमच्या सहीची पट्टी कधी लागली?"

सचिवांनी दाराकडे पाहिलं.

"मी सांगते. कागद सापडल्यावर, शिलंगणाला जायच्या आधी. पट्टी आत्ता तुम्हीच फाडलीत, अखंड होती, सगळ्यांनी पाहिली. म्हणजे हे पान पट्टी लागायच्या आधी इथे आलं. आणि तेव्हा तुमच्या झाडाचं पान जगात फक्त एकाच माणसाच्या हातात होतं. शिलंगण झाल्याशिवाय बायकोलासुद्धा देत नाही, हे तुम्हीच सांगितलंत मला."

"ताई, तोंड सांभाळा. मला मशीन चालू करता येत नाही."

"माउस म्हणजे उंदीर. ऐकलं. पंकजने करून दाखवलं तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. विनोद करणारा माणूस सगळ्यात नीट बघतो. मेहुण्याने सांगितलं असेल की पोरगी बाईंच्या खोलीत रडत गेली. दसऱ्याला विद्यालय ओस. तुम्ही आलात, इथे बसलात, चार टिंबं टाकलीत. ऑफिसात बसला असतात तर कागद स्वच्छ निघाला असता, पण ऑफिसची खिडकी रस्त्यावर उघडते. फक्त एक अडचण होती. मशीन पूजलेलं होतं. आणि तुम्हाला ती भुशातली बोटं आठवली."

सचिवांचा उजवा हात आपोआप मुठीत मिटला.

"चप्पल काढताना कुणी विचार करतं का? तसंच तुम्ही पान ठेवलंत. दिसू नये म्हणून कीबोर्डखाली, पण ठेवलंत. पोरीचं नाव खांबाला टांगताना हात कापला नाही तुमचा. पूजलेल्या मशीनला हात लावताना कापला."

"पान म्हणजे पुरावा?" सचिव आता ओरडत होते. "खोलीची किल्ली होती का माझ्याकडे? आहे कुणी बघितलेलं?"

"होती की, साहेब."

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाचा ते कळलंच नाही. कारभारी जमिनीकडे बघत होता.

"काल दुपारी तुम्हीच घरी येऊन ऑफिसची किल्ली नेली, आणि ऑफिसच्या खिळ्यावरून जुडगा घेतला. स्टोअर उघडायचंय म्हणालात. संध्याकाळी पट्ट्या लावायला आपण आलो तेव्हा जुडगा तुमच्याच खिशातून निघाला. मी काल रात्रीपासून हेच घोकतोय. नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी. पण मलाही पोरी आहेत."

सचिव त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू टेबलाने तोंड उघडलं. मग मोनिकाकडे वळले. "तुम्हाला बोलावलं ते मी. पैसे मी देणार."

"नका देऊ. एक ओळ लिहून मागितलीत, ती मात्र देते. हे काम पंकजचं नाही, प्रशांतचं नाही. आणि जबाब रचलेला होता म्हणता? खोट्या जबाबाला कुणी एवढं भीत नाही, साहेब. तुम्ही चोरलात, म्हणजे तो खरा आहे हे सगळ्यात आधी तुम्हालाच ठाऊक होतं."

सचिव बाहेर पडले. दार आपटून नाही. हळू, भिंतीच्या कडेकडेने. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बॉनेटवरचं पान वाऱ्याने उडून फाटकाशी पडलं, त्याकडे कुणी बघितलं नाही.

पंकज दारात येऊन उभा होता. "मॅडम, भोक तर माझ्यामुळेच राहिलं."

"राहिलं. त्याची शिक्षा मी तुला नंतर देईन, आणि ती लई वाईट असेल. आधी ती तार काढ."

तो धावत काचेच्या खोलीकडे गेला.

यशोधराबाई उठून जयमालासमोर आल्या. पोरगीच बोलली.

"बाई, जबाबात अजून एक वळ घालायची हाय."

"कुठली?"

"श्रावनात मी पयल्यांदा पागिरे सायबांना सांगितलं हुतं. त्यांच्या घरी जाऊन. ते म्हनले, तोंड उघडलं तर तूच नागडी हुशील. नवमीला खोली बदलाया आले तवा हे पन सांगनार हुते. भ्याले, म्हनून राहून गेलं." तिने टेबलावरची पानं बाजूला सारली आणि खुर्ची ओढली. "आता नाव सगळ्या गावानं वाचलंच हाय. आता कुनाला भ्यायचं? लिव्हा."

यशोधराबाई मशीनसमोर बसल्या.

रस्त्यावर जामखेडच्या गाडीने हॉर्न दिला. एकदा, मग पुन्हा. जयमालाच्या बापाने टोपी डोक्यावर घातली आणि तो फाटकाकडे निघून गेला. मोनिकाला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने तो दारात परत आला. खांद्यावर ट्रंक होती, कपाळावरून घाम वाहत होता. गाडी गेली होती.

"जया," त्याने विचारलं, "ट्रंक कुठल्या खोलीत ठिऊ?"